काचेच्या महालात किमतीची चिठ्ठी नव्हती

विचारलेला प्रश्न असा आहे : “१८५१ च्या लंडन प्रदर्शनापासून पुढची सगळी जागतिक प्रदर्शनं मुक्त व्यापाराच्या प्रचारासाठी भरवली गेली, असं वाचलं. मग त्यांत हिरिरीने भाग घेणाऱ्या फ्रान्स, जर्मनी, अमेरिकेने पुढे जकाती का वाढवल्या? आणि या सगळ्यात हिंदुस्थान कुठे होता?”

तुम्ही वाचलंत ते अर्धंच खरं आहे. प्रदर्शन म्हणजे जकातीच्या रेषेबाहेर ठेवलेलं एक आवार. परदेशी माल तिथे जकात न भरता यायचा आणि लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहायचा, पण तिथून सहजासहजी बाजारात जायचा नाही. बघून झाल्यावर दार उघडायचं की आणखी घट्ट लावायचं, हे प्रत्येक देशाने आपापल्या कारखान्यांकडे बघून ठरवलं. म्हणून एकाच दालनातून दोन माणसं दोन उलटी मतं घेऊन बाहेर पडत.

मी मुंबईत अठ्ठावीस वर्षं कस्टम क्लिअरिंगचं काम करतो, त्यातली बरीचशी प्रदर्शनांच्या मालाची. इतिहासाची गोडी मला या कामातून लागली. त्यामुळे आधी हाताखालून गेलेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटकन कळेल.

काही वर्षांपूर्वी गोरेगावच्या एका यंत्रप्रदर्शनात युरोपातून एक रॅपियर माग, म्हणजे कापड विणायचं आधुनिक यंत्र, आला होता. असा माल एटीए कार्नेटवर येतो. आपल्याकडे या व्यवस्थेची हमी फिक्की ही उद्योजकांची संघटना घेते. कार्नेटचा अर्थ साधा आहे : माल दाखवायला आणलाय, मुदतीत परत जाईल, तोवर ड्युटी नाही. इचलकरंजीचे एक कारखानदार दोन दिवस त्या मागापाशी उभे होते. विणून निघालेलं कापड बोटांत धरून उजेडाकडे करायचे, काठ तपासायचे, पुन्हा सोडायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बघायला काय, दोन दिवस बघतोय. न्यायला काय पडतंय ते सांगा.” मी माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. यंत्राची किंमत, त्याखाली भाडं आणि विमा, त्याखाली ड्युटी, त्याखाली कर. बेरीज झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांच्यासोबत त्यांच्याच गावात मागाचे सुटे भाग करणारे एक गृहस्थ होते. ते कागदात डोकावले आणि शांतपणे म्हणाले, “ही ड्युटी आहे म्हणून माझी लेथ चालतीय.”

दोघं एकाच गाडीने आले होते आणि एकाच यंत्रासमोर उभे होते. एकाला तो आकडा भिंत वाटला, दुसऱ्याला छप्पर. दोघंही खरंच बोलत होते. गेल्या दोनशे वर्षांतला मुक्त व्यापार आणि संरक्षक जकातीचा वाद मी वाचतो तेव्हा मला हे दोघं दिसतात.

आता मूळ विषयाकडे येतो. औद्योगिक प्रदर्शनाची कल्पना मुळात मुक्त व्यापारवाल्यांची नाही. ती फ्रान्सची आहे आणि ती जन्मली इंग्लंडविरुद्धच्या लढाईत. १७९८ साली पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर गृहमंत्री फ्रान्स्वा द नफशातो यांनी पहिलं राष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. त्यात माल फक्त फ्रेंच होता. पुढच्या प्रदर्शनासाठी त्यांनी जाहीर केलं, की इंग्लिश उद्योगाला सर्वांत जबर तडाखा देईल अशा मालाला सुवर्णपदक मिळेल. १८४९ पर्यंत पॅरिसमध्ये अशी प्रदर्शनं होत राहिली, सगळी फक्त देशी मालाची. १८४९ मध्ये व्यापारमंत्री बुफे यांनी परदेशी माल बोलवावा का, अशी विचारणा व्यापारी मंडळांकडे केली. मंडळांनी नको म्हटलं. परकी कापड शेजारी मांडलं की गिऱ्हाईक तुलना करणार, हे त्यांना पुरतं कळत होतं. मला तर वाटतं, प्रदर्शनाची ताकद सगळ्यांत आधी ओळखली ती या नकार देणाऱ्यांनीच.

इंग्लंडात उलट घडलं. धान्यावरच्या जकाती उठवण्यासाठी लढणाऱ्या अँटी-कॉर्न लॉ लीगने मे १८४५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात मोठा बाजार भरवला. गावोगावच्या कारखान्यांचा माल तिथे मांडला, विकला आणि चळवळीसाठी सुमारे २५ हजार पौंड जमवले. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी धान्यावरच्या जकातीचे कायदे रद्द करवले. १८४९ मध्ये जहाजवाहतुकीवरचे जुने निर्बंधही गेले. दोन वर्षांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगाचं प्रदर्शन भरलं. त्याच्या शाही आयोगावर पील, ग्लॅडस्टन आणि लीगचे पुढारी रिचर्ड कॉब्डेनही होते. त्यामुळे लोकांनी ते मुक्त व्यापाराचं विजयमंदिर म्हणून पाहिलं, यात नवल नाही.

एवढंच काय, ती इमारतसुद्धा कर उठवल्यामुळे शक्य झाली. जोसेफ पॅक्स्टन यांच्या काचमहालाला जवळजवळ तीन लाख तावदानं लागली. एकेक तावदान ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. इंग्लंडात शंभर वर्षं काचेवर अबकारी कर होता. तो १८४५ मध्ये उठला नसता, तर काचेचा इतका मोठा खर्च कोणी मंजूर केला नसता.

पण आयोजकांनी स्वतः मुक्त व्यापाराचा झेंडा हातात घेतला नाही. त्यांना जमीनदारांच्या वर्गण्या हव्या होत्या आणि जकाती ठेवणाऱ्या देशांचा मालही. आयोगावर संरक्षक जकातीच्या बाजूचे लॉर्ड स्टॅन्लीही होते. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट बोलायचे ते मानवजातीच्या ऐक्याबद्दल. तरी लिंकनचे खासदार कर्नल सिब्थॉर्प संसदेत अखेरपर्यंत विरोध करत राहिले. परदेशी भुरटा माल देशात घुसेल आणि इथल्या कारागिराचं पोट जाईल, हे त्यांचं म्हणणं. इतिहासाची पुस्तकं सिब्थॉर्प यांना विक्षिप्त म्हणून उडवून लावतात. मला ते पटत नाही. त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती होती, पण कारागिराची भीती खरी होती.

आता माझ्या धंद्याच्या नजरेने सगळ्यांत महत्त्वाचे दोन नियम बघा. पहिला : संपूर्ण काचमहाल कस्टमने बाँडेड वेअरहाऊस, म्हणजे जकात न भरता माल ठेवायचं गोदाम, मानला. परदेशी पेट्या बंदरावर न उघडता थेट तिथे येत आणि कस्टमच्या माणसांसमोर उघडल्या जात. जकात नाही. आज गोरेगावच्या दालनात आम्ही जे करतो त्याचं मूळ तिथे आहे. दुसरा नियम : कोणत्याही वस्तूवर किंमत लावायची नाही. ल्योंचं रेशीम आणि मँचेस्टरचं सूत बघा, वाखाणा, पण कितीला ते चिठ्ठीवर मिळणार नाही.

मुक्त व्यापाराचा सगळा युक्तिवाद किमतीवर उभा असतो : जिथे स्वस्त आणि चांगलं बनतं तिथून घ्या. आणि त्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या मंदिरात किंमत सांगायचीच बंदी. कारण उघड होतं. किंमत लागली असती तर प्रदर्शनाचा बाजार झाला असता आणि भांडण तिथल्या तिथे पेटलं असतं. किंमत झाकली म्हणून सुमारे ६० लाख भेटी शांततेत पार पडल्या आणि अखेरीस १ लाख ८६ हजार पौंड शिल्लकही राहिले.

किंमत नसली तरी डोळे होतेच. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली तिथे एका परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. हे पक्के संरक्षक जकातवाले. त्यांच्या देशाचं दालन सुरुवातीला रिकामं रिकामं म्हणून हिणवलं गेलं. मग मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्राने वरच्या दर्जाचं पदक घेतलं, कोल्टची पिस्तुलं लोकांनी हाताळली आणि हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने इंग्लंडची अभेद्य मानलेली कुलपं उघडून दाखवली. प्रदर्शनाच्या कामात असलेले रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर यांनी पुढे इंग्लंडला बजावलं, की तंत्रशिक्षण दिलं नाही तर हे लोक पुढे जातील. म्हणजे ज्या देशाने ‘आमचा माल सगळ्यांत सरस, दारं उघडा’ म्हणून जग बोलावलं, त्याच्याच जाणत्या माणसाच्या मनात प्रदर्शन संपताच चिंता उतरली.

फ्रान्समध्ये प्रदर्शनाचा व्यापारधोरणावर सगळ्यांत थेट परिणाम झाला, म्हणून इथे जरा थांबतो. तिथे तेव्हा नुसत्या जकाती नव्हत्या, बऱ्याच परदेशी कापडांवर सरळ बंदी होती. रुआँ, लिल, रुबे इथल्या गिरण्या त्या आडोशात वाढल्या होत्या. मिशेल शव्हालिए नावाचे अर्थतज्ज्ञ लंडनचं प्रदर्शन बघून आले, त्यावर त्यांनी लिहिलं आणि बंदी उठवा असा धोशा लावला. १८५५ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरवलं. सहा वर्षांपूर्वी व्यापारी मंडळांनी नाकारलेलं दार त्याने उघडलं. लंडनच्या नियमातही त्याने बदल केला : मालावर किंमत लावायला मुभा दिली आणि प्रदर्शनातला बंदी असलेला परदेशी माल २० टक्के जकात भरून देशात विकता येईल असं ठरवलं. माझ्यासारख्याला हे वाचताना अंगावर काटा येतो. कस्टमच्या एका कलमाने सबंध धोरणाची चाचणी घेतली होती. फ्रेंच गृहिणीने इंग्लिश कापडाची किंमत पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचली.

पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, बंद्या उठवण्याचं विधेयक आलं. गिरणीमालकांनी असा गदारोळ केला की सरकारला ते मागे घ्यावं लागलं आणि १८६१ पर्यंत बंदी हलणार नाही असं वचन द्यावं लागलं. मग सम्राटाने आडवाट धरली. घटनेप्रमाणे व्यापारी तह करायचा अधिकार त्याचा एकट्याचा होता, कायदेमंडळाला विचारायची गरज नव्हती. १८५९ च्या शरद ऋतूत कॉब्डेन पॅरिसला गेले, शव्हालिए यांच्या साथीने गुपचूप बोलणी झाली आणि २३ जानेवारी १८६० रोजी तह झाला. फ्रान्सने बंद्या उठवल्या, जकात जास्तीत जास्त ३० टक्के आणि पुढे २५ टक्क्यांवर आणायची असं ठरलं. इंग्लंडने फ्रेंच दारूवरची जकात उतरवली. तहात असंही होतं की दोघांपैकी कोणी तिसऱ्या देशाला सवलत दिली तर ती दुसऱ्यालाही आपोआप मिळेल. त्या कलमाची साखळी पुढे युरोपभर गेली. फ्रेंच गिरणीमालकांनी या तहाला जकातीतला ‘कू देता’, म्हणजे रातोरात केलेला सत्तापालट म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. लोकांच्या प्रतिनिधींना बाजूला ठेवून उघडलेलं दार फार दिवस उघडं राहत नाही. १८९२ मध्ये मेलीन यांच्या कायद्याने फ्रान्सने जकाती पुन्हा चढवल्या.

मधल्या काळात वारं फिरलं होतंच. १८७३ चं व्हिएन्नाचं प्रदर्शन १ मे रोजी उघडलं आणि ९ मेला तिथला शेअरबाजार कोसळला. मंदी आली की जकातीची मागणी येतेच.

१८७६ चं फिलाडेल्फियाचं प्रदर्शन तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देतं. ते शहर म्हणजे अमेरिकन संरक्षणवादाचा गड, त्या विचाराचे आद्य अर्थतज्ज्ञ हेन्री केरी तिथलेच. यादवी युद्धानंतर अमेरिकेत जकातपात्र मालावर सरासरी चाळीस टक्क्यांहून अधिक जकात होती. तरी जगाला बोलावलं, परदेशी मालाला प्रदर्शनापुरती जकात माफ केली आणि मधोमध कॉर्लिसचं प्रचंड वाफेचं इंजिन उभं केलं. सांगायचं होतं ते असं : बघा, भिंतीच्या आत आम्ही काय वाढवलं. संरक्षणवादी देशांनी प्रदर्शनं का भरवली, याचं कारण हेच. मुक्त व्यापारवाला प्रदर्शनात गिऱ्हाईक शोधतो, संरक्षणवाला आपलं वाढलेलं पोर मिरवतो.

तिथेच जर्मनीचे प्रतिनिधी फ्रान्झ रोयलो यांनी मायदेशी पत्रं पाठवली आणि आपल्याच मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं. यंत्रशास्त्राचा एवढा मोठा जाणकार, स्वतःच्या देशाच्या दालनात उभा राहून हे लिहितो. बर्लिनमध्ये वादळ उठलं. लोखंडावरच्या उरल्यासुरल्या जकाती १८७७ च्या सुरुवातीला जाणार होत्या, ते कारखानदार आधीच चिडलेले. तीन वर्षांत, १८७९ मध्ये, जर्मनीचे चॅन्सलर बिस्मार्क यांनी जकाती आणल्या. त्यामागे धान्यवाले जमीनदार होते, सरकारी तिजोरीची गरज होती, मंदी होती. पत्रांनी जकात आणली असं मी म्हणणार नाही. पण आपण कुठे उभे आहोत हे जर्मनीला कळलं ते फिलाडेल्फियात, आणि दर्जा सुधारण्याची जिद्दही तिथलीच. रोयलो यांचं म्हणणं माल सुधारा असं होतं. जकात हा दुसऱ्यांनी काढलेला अर्थ.

१८९३ चं शिकागो आपल्याला विवेकानंदांमुळे ठाऊक. ती धर्मपरिषद ज्या प्रदर्शनाचा भाग होती, ते १८९० च्या मॅकिन्ली जकातीच्या छायेत भरलं होतं. त्या कायद्याने परदेशी मालावर बनवणाऱ्या देशाचं नाव छापणं सक्तीचं केलं. आजही आपण ते खोक्यावर बघतो.

त्या जकातीचे जनक विल्यम मॅकिन्ली पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ५ सप्टेंबर १९०१ रोजी ते बफेलोच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात भाषणाला उभे राहिले. प्रदर्शनं ही प्रगतीची घड्याळं आहेत, असं त्यांनी म्हटलं आणि मग कोणाला वाटलं नव्हतं ते बोलले : एकटं राहण्याचा काळ संपला, व्यापारी युद्धं परवडत नाहीत, दुसऱ्याचं काही घेतल्याशिवाय आपण त्याला सदैव विकत राहू शकत नाही, म्हणून परस्पर सवलतींचे तह हवेत. जन्मभर ज्या माणसाने भिंत बांधली तो स्वतः दार ठेवायला सांगत होता. कारण कारखाने आता देशाच्या गरजेपेक्षा जास्त माल काढत होते. लेथवाला माणूस आता निर्यातदार झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याच प्रदर्शनाच्या संगीतभवनात लोकांशी हात मिळवताना एका अराजकवाद्याने त्यांना गोळ्या घातल्या. १४ सप्टेंबरला ते गेले. परस्पर सवलतींचे जे तह तयार होते ते सिनेटने मंजूर केले नाहीत.

आता हिंदुस्थान. १८५१ च्या काचमहालात आपलं दालन अगदी मोक्याच्या जागी होतं. ईस्ट इंडिया कंपनीने ते सजवलं. हौद्यासह पेंढा भरलेला हत्ती, ढाक्याची मलमल. कोहिनूर वेगळा, पिंजऱ्यात ठेवलेला. इंग्लिश कलावंतांनी आपल्या नक्षीकामाची मनापासून तारीफ केली. पण याच इंग्लंडने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी हिंदी छापील कापडाला आपल्या बाजारात मज्जाव केला होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही भरमसाट जकात लावली होती. स्वतःच्या गिरण्या सावलीत वाढवून झाल्यावर मग मुक्त व्यापाराचा उपदेश सुरू झाला. फ्रिडरिश लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८४१ मध्येच हे बोलून दाखवलं होतं.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. जॉन फोर्ब्ज वॉटसन हे लंडनमध्ये हिंदी मालाचे सरकारी अधिकारी होते. प्रदर्शनांतली हिंदी दालनं तेच लावत. १८६६ मध्ये त्यांनी इंडिया म्युझियमच्या साठ्यातलं कापड कापून नमुन्यांची पुस्तकं केली. १८ खंडांत ७०० तुकडे : पागोट्याचं कापड, लुगडं, धोतर. असे २० संच केले, त्यातले १३ ब्रिटनमध्ये ठेवले आणि ७ हिंदुस्थानात. प्रत्येक तुकड्याखाली छापील चिठ्ठी : लांबी, रुंदी, वजन, कुठून घेतला आणि किंमत. काचमहालात जी चिठ्ठी कोणाच्याच मालावर नव्हती, ती विणकराच्या लुगड्याला लागली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्याला बघून तसंच विणता यावं म्हणून. काठ केवढा, पदर कसा, हे सगळं त्याला घरबसल्या मिळालं.

प्रदर्शनांच्या या धांदलीतून आपल्याकडे काही चांगलंही उरलं. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी गोळा केलेल्या वस्तूंचा दुसरा संच मुंबईत ठेवला गेला आणि त्यातून भायखळ्याचं संग्रहालय उभं राहिलं. ते १८७२ मध्ये उघडलं, आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे. पुण्यात १८९० मध्ये औद्योगिक संग्रहालय निघालं, आजचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात व्याख्यान देताना त्यांनी लिस्टचा आधार घेतला आणि स्पष्ट सांगितलं, की इंग्लंडचं अर्थशास्त्र सगळ्या देशांना सर्वकाळ लागू पडत नाही, इथल्या उद्योगाला सरकारचा हात हवा.

त्या हाताचं काय झालं ते नोंदीत आहे. सुती कापडावरची आयात जकात १८८२ मध्ये पूर्ण उठवली होती. १८९४ मध्ये तिजोरीसाठी ५ टक्के पुन्हा लावावी लागली, तेव्हा लँकेशायरची ओरड होऊ नये म्हणून आपल्या गिरण्यांच्या मालावरही कर बसवला. १८९६ मध्ये कापडावर दोन्ही दर साडेतीन टक्के केले. बाहेरून येणाऱ्यावर जेवढं, मुंबईत विणलेल्यावर तेवढंच. रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. देशी कापडावरचा हा कर डिसेंबर १९२५ मध्ये स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला.